खुणेचा कागद

परवा शिंप्याची चिठ्ठी हरवली. चिठ्ठी म्हणजे दोन बोटं रुंदीचा गुलाबी कागद. त्यावर नंबर, तारीख आणि कोपऱ्यात टाचलेला ब्लाउजपीसचा नखाएवढा तुकडा. ती दाखवल्याशिवाय आमचा शिंपी शिवलेला कपडा हातात देत नाही. पंधरा वर्षांची ओळख असली तरी नाही. रविवारी पेणला हिच्या भाचीचं लग्न, पैठणीवरचा ब्लाउज शिंप्याकडे आणि गुरुवार उजाडलेला. हिने पर्स उलटी केली, कपाटातल्या साड्यांच्या घड्या झटकल्या, देव्हाऱ्याखालचा खण उपसला आणि शेवटी तांदळाच्या डब्यातही हात घातला. तिथे पाचशेची एक नोट निघाली. २०१६ साली बाद झालेली. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाच्या घरात ती इतकी वर्षं सुखाने तांदळात लोळत होती.

ही आधी नोटेकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "अहो, तुमची पुस्तकं झाडा."

आरोप अगदीच निराधार होता असं मी म्हणणार नाही. लहानपणी मी पुस्तकाच्या पानाचा कान दुमडला म्हणून आजोबांनी माझा दुमडला होता. तेव्हापासून मी पान दुमडत नाही. पुस्तक उपडंही ठेवत नाही, त्याचा कणा मोडतो. मग खूण म्हणून हाताला लागेल तो कागद आत जातो. रेशमी गोंड्याच्या विकतच्या खुणा माझ्याकडे डझनभर आहेत, पण त्या कुठे आहेत ते माहीत नाही. बहुधा कुठल्यातरी पुस्तकात असतील. मागे एकदा विम्याच्या हप्त्याची पावती वाचनालयाच्या पुस्तकातून परत गेली होती. पुढच्या वाचकाने ती घर शोधत आणून दिली, चहा घेतला आणि उठताना म्हणाला, "पुस्तक चांगलं आहे हो, पुढेही वाचा." पावती कितव्या पानावर होती हे त्याने पाहिलं होतं.

तेव्हा गुरुवारी सकाळी मी गेल्या आठ महिन्यांत वाचलेली सगळी पुस्तकं दिवाणखान्यात सतरंजीवर मांडली. 'वाचलेली' हा शब्द वाचकांनी जरा सैल घ्यावा.

झालं होतं असं, की सप्टेंबरअखेर मी निवृत्त झालो. निरोप समारंभात कुणीतरी विचारलं, आता पुढे काय? मी बोलून बसलो, आता वाचणार. दुसरं काही सुचलं नाही. माझ्या आधी जो निवृत्त झाला त्याने 'शेती करणार' असं सांगितलं होतं, पण त्याला कुणी नांगर दिला नाही. मला मात्र सगळ्यांनी पुस्तकं दिली. सार्थ ज्ञानेश्वऱ्या तीन, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आणि मधुमेहावरचं एक पुस्तक, जे कुणी दिलं हे अजून उघडकीस आलेलं नाही. ठाण्यातच राहतो, म्हणून १८९३ सालापासून चालत आलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा सभासदही झालो. आणि एक वही घातली. जन्म खातेवहीत गेलेला, त्यामुळे हाताने आपोआप रकाने आखले. अनुक्रमांक, पुस्तक, लेखक, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख, शेरा. पाचवा रकाना अजून कोरा आहे. त्यामुळे वही फार स्वच्छ दिसते.

बँकेत कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं. मग ते आधी सबस्टँडर्ड, बारा महिन्यांनी डाउटफुल आणि अगदीच आशा सुटली की लॉस. सतरंजीवरच्या ढिगाकडे पाहताना मला कळून चुकलं की ही शाखा मी चालवत असतो तर एव्हाना माझी बदली झाली असती.

पहिली उचलली ज्ञानेश्वरी. १२९० सालची, अठरा अध्याय, नऊ हजारांच्या वर ओव्या. मी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीच हिशेब केला होता: रोज पंचवीस ओव्या, म्हणजे वर्षभरात ग्रंथ संपून वर पाहुण्यारावळ्यांसाठी तीन-चार दिवस शिल्लक. पहिला दिवस उत्तम गेला. दुसराही. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले, शिलकीतला एक दिवस वापरला. दिवाळीपर्यंत शिल्लक संपून ओव्हरड्राफ्ट सुरू झाला. तिन्ही प्रती उघडून पाहिल्या. पहिलीत पान ३४ वर निरोप समारंभाची कार्यक्रमपत्रिका, दुसरीत पान ३८ वर केशकर्तनालयाचं 'बारावी हजामत मोफत' असं कार्ड, तिसरीत पान ३१ वर नुसताच कोरा लिफाफा. तिन्ही प्रतींत पहिलाच अध्याय. मी अर्धवट वाचतो असा आरोप कुणी करू नये. पहिला अध्याय मी तीनदा वाचलेला आहे. अर्जुनाने त्यात धनुष्य टाकलं आणि मीही तिथेच पुस्तक टाकलं. त्याला उठवायला श्रीकृष्ण होता. मला उठवायला दूधवाला.

ही स्वयंपाकघरातून ओरडली, "मिळाली?"

"नाही. केस कापायचं कार्ड मिळालं."

"ते तरी वापरा."

एव्हाना माझ्या एक गोष्ट ध्यानात यायला लागली होती. ३४, ३८, ३१. पुढे मधुमेहाचं पुस्तक निघालं, खूण पान ३६ वर, म्हणजे नेमकी जिथे 'काय खाऊ नये' ही यादी सुरू होते तिथे. माणसाला चाळिशी लागते तशी माझ्या वाचनालाही लागते. चाळिसावं पान जवळ आलं की अक्षरं धूसर होतात आणि दुसरं पुस्तक जास्त स्पष्ट दिसायला लागतं.

याला अपवाद होता 'स्मृतिचित्रे'. हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालं, आणि ते मी कंटाळून सोडलेलं नाही, हे मला स्पष्ट करायचं आहे. ते मी भीतीने सोडलं. नोव्हेंबरात रोज संध्याकाळी मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ते हिला मोठ्याने वाचून दाखवत असे. लक्ष्मीबाईंसारखं सांगणं मराठीत दुसरं नाही. अंगावर काटा यावा असे प्रसंग त्या शेजारणीशी बोलावं तशा सांगतात, आणि हसू आवरत नाही. पण त्या हसण्याच्या मध्यभागी असतात त्यांचे पती, रेव्हरंड टिळक. हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होणारे, मनात आलं की न सांगता घरातून निघून जाणारे, घरात काय आहे काय नाही याची शुद्ध नसणारे. मी एकेक प्रसंग वाचत गेलो तसतशी ही कढईत उलथनं थांबवून माझ्याकडे पाहायला लागली. बरंच पाहून झाल्यावर म्हणाली, "ते निदान कवी तरी होते."

टीएमटीचं तिकीट आत घालून मी पुस्तक मिटलं. पान ६२. चाळिशी ओलांडलेलं पहिलं.

मग हाताला लागला 'माझा प्रवास'. निरोपाच्या दिवशी याचं वेष्टन हिनेच सोडलं होतं. "वरसईचे भटजी? अहो, हे तर आमच्या पेणकडचे," असं म्हणून तिने पुस्तक जरा वेळ हातात धरलं होतं आणि मग "तुम्ही वाचा, मला कुठला वेळ" म्हणून माझ्या ढिगावर ठेवलं होतं. या पुस्तकाविषयी मला खरोखर बोलायचं आहे, कारण या आठ महिन्यांत ज्याने मला धरून ठेवलं ते हेच.

विष्णुभट गोडसे हे कोकणातले गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, असं कळलं, म्हणून हा तिशीतला माणूस १८५७ साली काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाला. साल पाहा. महाराष्ट्रातून हिंदुस्थानात जायला त्याहून वाईट मुहूर्त नव्हता, आणि हे स्वतः मुहूर्त काढून देणारे! वाटेत बंड भेटलं. दक्षिणा मिळाली ती लुटली गेली, परत मिळाली, परत लुटली गेली. फिरत फिरत झाशीला पोचले तर झाशीला वेढा. शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन हे परत आले. हा शेवट मला आधीच ठाऊक होता, कारण प्रस्तावना मी नेहमी पूर्ण वाचतो. सगळं लिहून काढलं १८८३ साली, पण हयातीत छापू दिलं नाही. त्यांच्या मागे चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केलं.

चौतीस वर्षांत मी थकबाकीदारांच्या नाना सबबी ऐकल्या. पाऊस पडला नाही, जास्त पडला, मुलीचं लग्न निघालं, म्हैस मेली, तीच म्हैस पुढच्या वर्षी परत मेली. पण "साहेब, हप्त्याचे पैसे आणायला गेलो होतो, मध्ये बंड झालं," अशी सबब घेऊन कुणी समोर बसलं असतं तर मी उठून त्याला खुर्ची दिली असती. आणि वर या माणसाची सबब खरी होती.

डिसेंबर-जानेवारीत मी भटजींबरोबर चालत राहिलो, निम्म्याच्याही पुढे गेलो. मार्च १८५८. झाशीच्या तटाबाहेर सर ह्यू रोझच्या तोफा लागलेल्या, आत भटजी. आणि अशा ऐन वेळी मला एक शब्द अडला. कुठला, ते आता विचाराल तर सांगता येणार नाही. म्हटलं, एवढा शब्द पाहू आणि लगेच परत येऊ. हाताशी होतं ते जानेवारीचं वीजबिल खूण म्हणून घातलं आणि कपाटावरून मोल्सवर्थ काढला.

गुरुवारी पुस्तक उघडलं तर बिल तिथेच, झाशीच्या तटाशी. हे बिल त्या वेळी घरभर शोधून शेवटी दंडासकट भरलं होतं, हे आठवून मी ते चटकन आत सरकवलं आणि पुस्तक बाजूला ठेवलं.

मोल्सवर्थ बघायला जाणं आणि बाजारात मीठ आणायला जाणं, यांत मीठ घेऊन माणूस निदान परत येतो. कंपनी सरकारच्या फौजेतल्या या कॅप्टनने पदरी शास्त्री बसवून मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, चाळीस हजार शब्दांची. दुसरी साठ हजारांची, ती निघाली १८५७ साली. म्हणजे ज्या साली भटजी वरसईहून निघाले त्याच साली. मी या दोघांच्या कात्रीत सापडलो. कोश उघडला तो मधोमध, आणि नजर पडली ती 'पाल्हाळ' या शब्दावर. तिथून हलता येईना. पाल्हाळावरून पासंग, पासंगावरून पावशेर, तिथून कुठेतरी पान उलटलं. पंधरा दिवस मी एकट्या 'प'मध्ये होतो. पासंग म्हणजे तराजूची दोन पारडी सारखी करायला हलक्या बाजूला अडकवायचं वजन. हा शब्द पुन्हा चलनात आणावा म्हणून मी भाजीवालीला विचारलं, "बाई, पासंग किती?" तिने मला वजनमापे खात्यातला माणूस समजून चार मिरच्या जास्त घातल्या. शब्दसंपत्तीचा रोख परतावा मिळाल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकच प्रसंग.

मोल्सवर्थमधली खूण म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खोक्यातलं पत्रक. ते एकदा उलगडलं की पुन्हा कारखान्यातल्यासारखं घडी होत नाही, त्याचं दुसरं काही करताच येत नाही. ते मात्र मी अथपासून इतिपर्यंत वाचलेलं आहे. त्यातली सगळी लक्षणं मला होती. गोळी मला अजून घ्यायची होती.

फेब्रुवारीत मुलाने बेंगळुरूहून किंडल पाठवलं. त्यात त्याने स्वतःच 'वॉर अँड पीस' भरून दिलं होतं. टॉल्स्टॉयची ही कादंबरी १८६९ साली पुरी झाली. पात्रं पाचशेच्या वर, आणि एकेकाला तीन-तीन नावं. हे मला जड जायला नको होतं. आमच्या वाड्यात एकाच माणसाला बंड्या, काका आणि अण्णासाहेब म्हणणारे लोक एकाच वेळी एकाच ओट्यावर बसत. पण तो बंड्या डोळ्यांसमोर असायचा. इथे प्रत्येक मेजवानीला नवे पन्नास लोक येतात आणि मी यजमानासारखा दारात उभा राहून, हे कोण, हे कोण, करतो. शिवाय त्या यंत्राला दयामाया नाही. खाली कोपऱ्यात टक्के लिहून येतात. महिनाभर रोज वाचून मी अकरा टक्क्यांवर होतो. कागदाचं पुस्तक निदान मिटल्यावर गप्प बसतं. गुरुवारी हिने येऊन तेही उचललं, उलटं करून दोनदा झटकलं आणि ठेवून दिलं.

"यात कागद राहत नाही," मी म्हटलं.

"तुमचा काय नेम," ही म्हणाली.

या काळात मी खरोखर शेवटपर्यंत काय वाचलं, हे पाहायला गेलं तर पहिला नंबर सातबाऱ्याचा लागतो. संगमेश्वरकडे वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा आहे. तो कुणाच्या नावावर आहे हे बघायला मी मार्चमध्ये उतारा काढला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तो वाचायचा असतो हे फार थोड्यांना ठाऊक आहे. नावं तेवीस. त्यांतली नऊ माणसं वारलेली, दोन मुंबईत, एक कुणालाच माहीत नसलेली बाई आणि शेवटी मी, तोही चुकीच्या स्पेलिंगात. मराठीतसुद्धा स्पेलिंग चुकवता येतं, हे महसुली दप्तरातच कळतं. पण शब्द काय एकेक! फेरफार, आकार, इतर हक्क, भोगवटादार. आणि पोटखराबा. पोटखराबा म्हणजे जमिनीतला जो भाग लागवडीला उपयोगाचा नाही तो, खडक, ओहोळ वगैरे. आमच्या पंधरा गुंठ्यांत तो नऊ गुंठे निघाला. मी हा शब्द उचलून लगेच माझ्या वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात वापरला. वाचनाखालचं क्षेत्र इतकं, पैकी पोटखराबा इतका.

त्यातच आमच्या सोसायटीत मानीव अभिहस्तांतरणाचं निघालं. हे नाव ज्याने पहिल्यांदा ऐकलं तो हिंदी सिनेमातल्या नायिकेसारखा मागे सरकतो. अर्थ साधा आहे: बिल्डर जमीन सोसायटीच्या नावावर करून देत नसेल तर सरकारनेच, त्याने ती दिली असं मानून, करून द्यायची. समितीत 'वाचणारा माणूस' म्हणून माझी ख्याती झालेली, त्यामुळे सगळी फाइल माझ्याकडे. सदनिका, उपविधी, भोगवटा प्रमाणपत्र, असं करत दोनशे दहा पानं वाचली. एकदाही झोप लागली नाही, कारण चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गच्चीचा कोपरा कसा दाबला त्याचं मूळ त्यात होतं. पाचव्या रकान्यात लिहावंसं वाटलं, पण लेखकाचं नाव काय घालणार? सरकारी मराठीची पहिली पदनामं छापून आली तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्या 'पदनाम कोशा'ला 'बदनाम कोश' म्हटल्याचं सांगतात. मला आता तेवढा राग येत नाही. चौतीस वर्षं मी अशी परिपत्रकं वाचली आहेत की ज्यांचा अर्थ कळावा म्हणून दुसरं परिपत्रक निघत असे आणि दोन्ही रद्द करायला तिसरं.

परिपत्रक कसं असावं हे पाहायचं तर शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या लष्करातल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र वाचावं. ऐतिहासिक पत्रांच्या एका जुन्या संग्रहात मला ते या काळातच पुन्हा भेटलं. दाणागोटा आत्ताच उधळलात तर पावसात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताला आग लागेल. एवढं मोठं राज्य उभं करणाऱ्या माणसाने उंदराच्या तोंडातली वात पाहिली होती! आमच्या मुख्यालयाने कधी उंदीर पाहिला नाही. पाहिला असता तर त्याच्यावर उपसमिती नेमली असती. या संग्रहातही माझी खूण होती. पान ३९. लग्नाची अक्षता चिकटलेली पत्रिका, तीही पेणच्याच लग्नाची. ती उचलून मी टेबलावर ठेवली, कारण कार्यालयाचा पत्ता आम्ही दोन दिवस शोधत होतो.

आता एक कबुली. गादीखाली अकरा पुस्तकं होती, ती मी सतरंजीवर आणली नाहीत. ती बाबूराव अर्नाळकरांची. या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या जिवावर मी शाळेतलं गणित बुडवलं होतं. जानेवारीत एका रद्दीवाल्याकडे एक गठ्ठाच मिळाला आणि मी तो मोल्सवर्थच्या पिशवीतून घरी आणला. अकराच्या अकरा संपवली. एकेक बैठकीत. खूण घालायची वेळच आली नाही. वहीत मात्र एकाचीही नोंद नाही. ही माझी बेनामी खाती. सगळी नियमित, थकबाकी शून्य. नाही म्हणायला एक सल आहे. त्या गठ्ठ्यातल्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर पूर्वीच्या मालकाने पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. तरीही मी ते शेवटपर्यंत वाचलं. नाव चुकीचं होतं. त्या अज्ञात माणसाविषयी मला आता खुन्यापेक्षा जास्त आदर आहे.

आणि 'रुचिरा'. ही डिसेंबरात आठवडाभर पेणला गेली होती तेव्हा मी कमलाबाई ओगल्यांना शरण गेलो. १९७० साली आलेलं हे पुस्तक घरात आमच्या लग्नापासून आहे, पण ते 'वाचतात' असं मला कधी वाटलं नव्हतं. मापं सगळी वाटी आणि चमच्याची. मी वाटी कुठली घ्यायची यावर अर्धा तास घालवला, कारण आमच्याकडे एका मापाच्या दोन वाट्या नाहीत. पुढे आमटी राहिली बाजूला आणि मी गॅस बंद करून अनारशांपर्यंत वाचत गेलो. जेवण खानावळीतून मागवलं. 'रुचिरा'त खूण लागत नाही. हळदीचे डाग पडलेली पानं आपोआप उघडतात. गुरुवारी ते झाडलं तर १९९८ सालची दुधाची कुपनं पडली आणि हिच्या अक्षरातली एक यादी: पोहे, रवा, साबण, 'कोसला'. तेव्हा मी किराण्याबरोबर 'कोसला' आणला नव्हता, हे नक्की. ही यादी मी काही न बोलता परत आत ठेवली.

दिवाळी अंकांचं फार सांगण्यासारखं नाही. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली. मी पाच विकत घेतले आणि पाचांतलं राशिभविष्य वाचून सरासरी काढली.

तिन्हीसांजेपर्यंत सतरंजीवरचा ढीग दुसऱ्या बाजूला गेला. हाताला काय काय लागलं! दोन वीजबिलं, एक न वटवलेला लाभांशाचा चेक, रेशमी गोंड्याची खूण एक, शेजाऱ्यांच्या मुलाचं प्रगतिपुस्तकातलं पान (हे कसं आलं देवजाणे) आणि मोरपीस. चिठ्ठी नाही. ही दिवा लावून आली आणि सतरंजीच्या कडेला बसली. शिंप्याची दुकान बंद करायची वेळ होत आली होती.

"गोडसे भटजी पाहिलंत?"

"पाहिलं. वीजबिल निघालं."

"झाडलंत का?"

"झाडायचं कशाला? माझी खूण बिलाची आहे. ती बरोबर..."

हिचा चेहरा मध्येच बदलला. काहीतरी आठवल्यासारखी ती गप्प झाली, हात पुढे करून म्हणाली, "ते इकडे द्या." पुस्तक तिने मागच्या बाजूने उघडलं. शोधलं नाही, नुसतं उघडलं. शेवटची काही पानं उरली होती तिथे तो गुलाबी कागद बसला होता, पैठणीच्या तुकड्यासकट.

मी पानाकडे बघत राहिलो. "मी इथवर कधी पोचलो?"

"तुम्ही नाही."

"मग तू कधी..."

"दुपारी. तुम्ही तो मोल्सवर्थ छातीवर घेऊन झोपता तेव्हा." चिठ्ठी काढून तिने पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. "बघा, पुस्तकातच होती ना? सकाळपासून तेच सांगतेय."

"भटजी पोचले का गं घरी?"

"येतायत. कावड घेऊन. बारा पानं राहिलीत. रविवारी पेणला जाता जाता गाडीत पोचवते."

तिने इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर पाचशेची ती नोट पडली होती. ती घडी न घालता बारा पानांच्या अलीकडे सारली आणि पुस्तक मिटलं. माझं वीजबिल झाशीत होतं तिथेच राहू दिलं.